शाळेची बंद पडलेली प्रयोगशाळा आठवी-नववीसाठी सुरू करताना: कामाच्या नोंदी

खोली १८ बाय २४ फूट. तीन लाकडी कपाटं, चार लांब टेबलं, एक गळका नळ. तुकडीत ४४ मुलं, २२ची एक बॅच, जोडतास ७० मिनिटांचा. असंच काम कुणी काढणार असेल तर वेळ आणि पैसा कुठे जातो ते कळावं म्हणून या नोंदी.

२ मे

आधी यादी, मग झाडू. फरशीच्या सांध्यात काय सांडलंय ते माहीत नसताना केर काढला की ते धुळीबरोबर नाकात जातं. बाटल्या १३७. त्यातल्या ११ वर लेबल नाही, १९ वर लेबल आहे पण वाचता येत नाही. दोन माणसं, पाच तास. एकाने बाटली न उघडता बघायची, दुसऱ्याने लिहायचं. वास घेऊन ओळखायचा मोह आवरा.

सोडियमची बाटली सापडली. रॉकेल उडून निम्म्यावर आलेलं, वर उघड्या पडलेल्या तुकड्यांवर पांढरट पापुद्रा. ताजं रॉकेल ओतून तुकडे बुडवले, झाकण लावलं, बाटली कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवली. आठवी-नववीला सोडियम लागत नाही. जवळच्या कॉलेजच्या रसायन विभागाने ते घ्यायचं कबूल केलं.

आमच्या यादीत पिक्रिक आम्ल (पाण्यात भिजवून ठेवायचं स्फोटक रसायन) नव्हतं. तुमच्या यादीत असेल आणि बाटलीतलं पाणी आटलेलं दिसलं, तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका. खोली बंद करून जाणकाराला बोलवा. कोरडं पिक्रिक आम्ल झाकणाच्या घर्षणानेही फुटतं.

५ मे

पारा. दोन फुटके थर्मामीटर खोक्यात होते, खोक्याच्या तळाशी आणि खाली फरशीवर थेंब. झाडू लावला नाही, कारण त्याने एका थेंबाचे शंभर होतात. पंखा बंद, खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे. पोस्टकार्डाच्या कडेने थेंब एकमेकांत ढकलून मोठे केले, ड्रॉपरने उचलले, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवले. सांध्यात अडकलेल्या बारीक कणांवर गंधकाची पूड पसरली, दुसऱ्या दिवशी ओल्या कागदाने टिपून त्याच बाटलीसोबत बांधली. अर्धा दिवस गेला. उरलेले नऊ पाऱ्याचे थर्मामीटरही बाजूला काढले. शाळेत लाल अल्कोहोलचे थर्मामीटर पुरतात.

तिवईवरच्या जाळ्या १४, सगळ्या जुन्या, मधे पांढरा ॲस्बेस्टॉसचा गोल. कडा सुटून धागे लोंबत होते, आणि ते श्वासातून आत जाणं घातक. कोरड्या न हाताळता पाणी शिंपडून ओल्या केल्या आणि दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्या. नव्या सिरॅमिकच्या घेतल्या.

९ मे

कपाट लावताना चूक झाली, पूर्ण दिवस वाया गेला.

आधीच्या मांडणीत सगळे द्रव वरच्या फळीवर होते. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड शेजारी, आणि आसपासच्या सगळ्या बाटल्यांवर पांढरी पिठूळ साय. ती धूळ नव्हती. दोन्ही बाटल्यांची वाफ हवेत भेटून अमोनियम क्लोराइड बसलं होतं. म्हणजे झाकणं गळत होती.

मग आम्ही शहाणपणा करून इंग्रजी अकारविल्हे लावलं. बाटली पटकन सापडेल हा हिशेब. संध्याकाळी फळी वाचून बघितली: ॲसिटोन, अमोनिया, अमोनियम नायट्रेट. पेटणारा द्रव आणि आगीला प्राणवायू पुरवणारं मीठ खांद्याला खांदा लावून. पुढच्या फळीवर हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. सगळं परत खाली.

शेवटची मांडणी स्वभावानुसार. तीव्र आम्लं सर्वांत खाली, गुडघ्याच्या पातळीवर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. नायट्रिक आणि ॲसेटिक वेगवेगळ्या ट्रेमध्ये. अमोनिया आणि सोडा दुसऱ्या कपाटात. स्पिरिट आणि ॲसिटोन कुलपात, दिव्यांपासून लांब. पोटॅशियम परमँगनेट, नायट्रेट वगैरे वेगळ्या फळीवर, त्या फळीवर कागद आणि कापूससुद्धा नाही. साधी मिठं मधे, ती हवी तर अकारविल्हे लावा.

कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या बाटलीचं काचेचं बूच घट्ट बसलं होतं. सोडा काच खातो आणि बूच चिकटतं. ओढून काढायच्या नादात बाटलीची मान हातात येते. ती तशीच टाकाऊच्या यादीत गेली. नवीन द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत.

२३ मे

मुलांसाठी विरल आम्लं तयार केली. हे काम वर्ग सुटलेला असताना मोठ्यांनीच करायचं.

हायड्रोक्लोरिक: बाटलीवर ३५ टक्के, घनता १.१८. म्हणजे १ मोलरचं (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप, लिटरमागे किती मोल) २ लिटर करायला १७७ मिली. आधी दीड लिटर पाणी, त्यात आम्ल हळूहळू, मग पाणी घालून २ लिटर. सल्फ्युरिक ०.५ मोलर: ९८ टक्क्यांचं २७ मिली, ९०० मिली पाण्यात, काचेच्या कांडीवरून बारीक धारेने, शेवटी १ लिटर. पाणी २६ अंशांवरून ३४ वर गेलं. इतक्या पातळ द्रावणात एवढी ऊब, तर उलट म्हणजे आम्लात पाणी ओतल्यावर काय होईल ते समजून घ्या: वर पडलेलं हलकं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि आम्लासकट उडतं.

खोलीत सुरू केलं आणि सहाव्या मिनिटाला वीज गेली, एक्झॉस्ट बंद. झाकणं लावून सगळं व्हरांड्यात हलवलं, वारा पाठीवर घेऊन पुढचं केलं. आता हे काम व्हरांड्यातच होतं.

दुसरी चूक उशिरा कळली. हायड्रोक्लोरिकची बाटली जुनी, झाकण गळकं, हे ९ तारखेलाच दिसलं होतं. तरी लेबलवर विश्वास ठेवला. १.०६ ग्रॅम कोरडा सोडियम कार्बोनेट पाण्यात विरघळवून मिथिल ऑरेंज (दर्शक) टाकून, रंग बदलेपर्यंत हे आम्ल घालून तपासलं. १ मोलरचं आम्ल असतं तर २० मिली लागलं असतं. लागलं २४.५. म्हणजे द्रावण ०.८२ मोलर. आठवीच्या प्रयोगांना ते चालतं, पण बाटलीवर ‘१ मोलर’ लिहून चालत नाही. नवीन बाटली आणून परत केलं.

लेबलं स्केचपेनने लिहिली होती, ओल्या हाताने पुसली गेली. पेन्सिलीने लिहून वर चिकटपट्टी लावली. नाव, तीव्रता, तारीख, कुणी केलं.

३ जून, खर्च

चष्मे २४, प्रत्येकी ९०: २,१६०. चार किलोचा एबीसी (घन, द्रव, वायू तिन्ही आगींचा) अग्निशामक: १,८५०. अल्कोहोल थर्मामीटर १२: १,०२०. सिरॅमिक जाळ्या १२: ५४०. बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) परीक्षानळ्या १००: १,४००. ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा: १,२५०. एक्झॉस्ट पंखा आणि फिटिंग: २,९००. नळ दुरुस्ती आणि डोळे धुण्यासाठी हाताने धरायचा फवारा: ७८०. ट्रे, बादल्या, वाळू: ६४०. एकूण १२,५४०.

शिवाय ४५० रुपयांचा फ्लेक्स, त्यावर प्रयोगशाळेचे २० नियम. हे पैसे पाण्यात. एकही मूल तो वाचत नाही, आणि वाचून हात बदलत नाही. नियम जिथे लागतो तिथे एकच ओळ चिकटवा: स्पिरिटच्या कपाटावर ‘दिवा विझलेला आहे का?’, नळावर ‘डोळ्यात गेलं? १५ मिनिटं पाणी.’

१७ जून, पहिली बॅच

रसायन नाही, आग नाही. फक्त पाणी मोजायचं. तरीही चष्मा लावायचा, ओढणी कमरेला बांधायची, वेण्या वर, डबा वर्गात. सवय पाण्यावर लावलेली बरी. पावसाळ्यात चष्म्याच्या काचा धुरकट होतात आणि मुलं त्या कपाळावर सरकवतात. आतून कोरड्या साबणाचं बोट फिरवून सुती फडक्याने पुसलं की तासभर टिकतं. निम्मी मुलं चपला घालून आली. बूट सक्तीचे करणं आमच्या गावात शक्य नाही, म्हणून काचसामान आणि आम्ल घेऊन चालणंच बंद केलं: प्रत्येक टेबलावर ट्रे आधीच मांडलेला.

काम: चंचुपात्राच्या ५० मिलीच्या रेषेपर्यंत पाणी घ्या, मोजपात्रात ओतून बघा, मग काट्यावर. मोजपात्रात ४६ पासून ५४ पर्यंत आकडे आले. मुलांना वाटलं आपलं चुकलं. चुकलं नव्हतं, चंचुपात्राची रेषा अंदाजापुरतीच असते. मोजपात्राने नीट घेतलेलं ५० मिली पाणी काट्यावर ४९.८ ग्रॅमच्या आसपास आलं.

मोजपात्र हातात उचलून डोळ्यासमोर धरलं की ते तिरकं होतं. ते टेबलावर ठेवून आपण वाकायचं, पाण्याच्या बाकाचा खालचा काठ वाचायचा. काट्याचा शेवटचा आकडा नाचत होता. पंखा बंद केला, थांबला.

२४ जून

स्पिरिटचे दिवे. गॅस शेगडीचा विचार सोडला, एका सिलिंडरवर १२ नळ्या ओढायची आमची तयारी नाही. दिवा दोन तृतीयांश भरायचा, तासाआधी, फनेलने. चतुर्थांशाच्या खाली आला की बदलायचा, कारण रिकाम्या पोटात स्पिरिटची वाफ आणि हवा मिसळून भडका होतो. पेटता दिवा भरायचा नाही, दिव्याने दिवा लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, टोपण घालायचं. खिडकीजवळच्या टेबलावर ज्योत दिसतच नव्हती, एका मुलाने पेटत्या दिव्यावर हात नेला. आता प्रत्येक दिव्यामागे काळा पुठ्ठा उभा आहे.

परीक्षानळीत ५ मिली पाणी उकळायचं एवढंच काम. नळी १५ × १२५ मिमीची, म्हणजे एक तृतीयांश भरलेली. चौथ्या मिनिटाला एका नळीतलं पाणी फुटभर उडालं आणि समोरच्या बाजूच्या मुलीच्या बाहीवर पडलं. बाही जाड, इजा नाही.

का झालं ते दोन भागांत. नळी बुडाशी एकाच जागी तापवली, तळाशी वाफेचा एकच मोठा बुडबुडा झाला आणि त्याने वरचं पाणी ढकललं. उपाय: नळी ४५ अंशात, आधी पाण्याच्या वरच्या भागाला आच, सतत हलती, आणि आत कौलाचा मोहरीएवढा तुकडा. दुसरा भाग आमचा दोष. मुलं टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसवली होती. ‘नळीचं तोंड कुणाकडे धरू नका’ हे सांगून उपयोग काय, समोर माणूसच बसलाय. टेबलं भिंतीला लावली, सगळी तोंडं भिंतीकडे. तेव्हापासून हे वाक्य उच्चारावं लागलेलं नाही.

जुन्या साध्या काचेच्या १२ नळ्यांपैकी ३ तडकल्या. तिन्ही बाहेरून ओल्या होत्या. पुसून घेतल्यावर एकही नाही.

भाजण्यासाठी: वाहतं साधं पाणी, २० मिनिटं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

८ जुलै

आम्ल आणि कार्बोनेट. संगमरवर मिळाला नाही म्हणून फळ्याचा खडू वापरला. खडू म्हणजे चुनखडी, असं पाठ्यपुस्तकी डोक्याने धरलं. फळ्याचा खडू बहुतेक जिप्समचा असतो, त्याला आम्ल काही करत नाही.

पण जर्नलमध्ये ११ पैकी ९ गटांनी लिहिलं: ‘कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आले.’ आणि बुडबुडे खरंच दिसले होते. म्हणून तास तिथेच थांबवला. प्रत्येक गटाला दोन नळ्या: एकीत ५ मिली आम्ल, दुसरीत ५ मिली साधं पाणी, दोन्हींत सारखाच खडूचा तुकडा. दोन्हींत सारखेच बुडबुडे, दोन्हींत मिनिटभरात थांबले. खडू सच्छिद्र, आतली हवा बाहेर पडली. पाण्याची ती एक नळी नसती तर नऊ गटांनी चुकीचं जर्नल पूर्ण करून सही घेतली असती.

तेव्हापासून वहीत दोन रकाने. डावीकडे ‘काय दिसलं’, उजवीकडे ‘काय वाटतं’. कार्बन डायऑक्साइड डावीकडे लिहायला बंदी, तो डोळ्याला दिसत नाही.

पुढच्या तासाला अंड्याचं कवच, शहाबादी फरशीचा तुकडा, अंगणातला काळा दगड आणि दोन दुकानांची रांगोळी. कवच आणि शहाबादी फसफसले. काळा दगड ढिम्म. एक रांगोळी फसफसली, दुसरी नाही. त्यावर मुलांचा जो वाद झाला तसा कुठल्याच ठरलेल्या प्रयोगावर झाला नव्हता.

वायू कोणता हे ठरवायला चुन्याची निवळी. पानाच्या टपरीवरचा चुना ५ ग्रॅम, पाणी १ लिटर, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं नितळ पाणी काढायचं. आठवडाभर अर्ध्या बाटलीत ठेवलेली निवळी निकामी झाली, वर साय. हवेतला वायू तिनेच खाल्ला. बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट. चुना मळताना चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर विरल आम्लापेक्षा वाईट, तो आत रुतत जातो.

निवळीत वायू नेणारी काचेची नळी बुचात घालताना ती मोडून तळहातात घुसते, शाळेतली ही नेहमीची दुखापत. नळीची टोकं ज्योतीवर गोल केलेली हवीत, नळीला ग्लिसरीन, हाताभोवती जाड फडकं, पकड बुचाच्या जवळ, फिरवत घालायची. आम्ही ११ बुचं आधीच जोडून ठेवली, मुलांना हे काम दिलं नाही.

१५ जुलै

लंबक. १०० सेंमी दोरी, २० आंदोलनं, स्टॉपवॉच मोबाइलचं. सेकंदांचे आकडे असे आले:

४०.३, ४०.१, ३८.२, ४०.४, ३८.१, ४०.०, ४०.६, ३८.३, ४०.२, ४०.१, ४०.३

तीन गट ३८ला. सरासरी काढून पुढे जाता आलं असतं, आणि मागे तसंच होत असावं. पण फरक नेमका दोन सेकंदांचा, म्हणजे एका आंदोलनाचा. त्या गटांना परत मोजायला लावून बाजूला उभं राहिलो. गोळा सोडताना घड्याळ सुरू आणि तोंडाने ‘एक’. एक म्हणाल तेव्हा एकही आंदोलन झालेलं नसतं. वीस म्हणेपर्यंत एकोणीसच होतात. ‘शून्य’ म्हणून सुरू करायला लावलं: ४०.२, ४०.१, ४०.३.

४०.६वाल्या गटाची चूक बारीक निघाली. त्यांनी १०० सेंमी हुकाच्या वरच्या टोकापर्यंत मोजले होते. हुक ०.८ आणि गोळ्याची त्रिज्या १.२५, म्हणजे खरी लांबी १०२ सेंमी. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची.

घड्याळ गोळा सोडताना नको, तो मधून जाताना सुरू करा. टोकाला तो रेंगाळतो, नेमका क्षण धरता येत नाही.

२९ जुलै

एकच गोष्ट बदलायची, बाकी सारखं, असा पहिला पूर्ण तपास: संगमरवराचे खडे विरुद्ध पूड. २ ग्रॅम संगमरवर, २० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक, शंकुपात्र काट्यावर, दर ३० सेकंदांनी वजन. हिशेबाने ०.४४ ग्रॅम वायू जायला हवा, नंतर आम्ल संपतं.

१०० मिलीच्या पात्रात पूड टाकली आणि फेस काट्यावर. काटा पुसून, वाळवून परत चालू व्हायला दोन दिवस. आता २५० मिलीचं पात्र, काट्यावर पातळ प्लास्टिक.

घट ०.३६ ते ०.४१ आली. थोडा वायू द्रावणातच राहतो आणि थोडा पात्रात साचतो, म्हणून कमी. एका गटाला ०.६१. मुलं खूश, जास्त मार्क मिळतील म्हणून. जितका वायू निघूच शकत नाही तितका निघाला कसा? त्यांनी पात्राच्या तोंडाला कापसाचा सैल बोळा लावला नव्हता, आम्लाचे तुषार बाहेर उडाले. आकडा खोडू दिला नाही. आडवी रेघ, शेजारी कारण.

एका गटाचे खडे जवारीएवढे, दुसऱ्याचे वाटाण्याएवढे. ‘खडे’ म्हणजे केवढे ते आम्हीच सांगितलं नव्हतं. चाळणीने वेगळे करून पुढच्या बॅचला दिले.

५ ऑगस्ट

न सांगता सराव. एका मुलाला आधी कानात सांगून ठेवलं, त्याने डोळा धरून ओरडायचं. फवाऱ्यापर्यंत पोचायला ४० सेकंद लागले, कारण वाटेत दप्तरांचा ढीग. दप्तरं बाहेर गेली, दुसऱ्या वेळी ९ सेकंद. दोन मुलं खायचा सोडा घेऊन धावली, डोळ्यात घालायला. सोडा टेबलावर सांडलेल्या आम्लासाठी, अंगासाठी फक्त पाणी. सोड्याचा डबा नळाजवळ ठेवला होता, तिथूनच तो घोटाळा. डबा आम्लाच्या ट्रेजवळ हलवला.

१९ ऑगस्ट

कॉलेजने सोडियम, पारा आणि यादीतलं डायक्रोमेट (क्रोमियमचं विषारी मीठ) नेलं. लेबल नसलेल्या ११ बाटल्या त्यांनीही नाकारल्या. अशा मालासाठी रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत, पण एका शाळेच्या टबभर बाटल्यांसाठी गाडी येत नाही. तालुक्यातल्या आणखी चार शाळांना विचारलंय, सगळ्यांकडे असा टब आहे. मिळून एक खेप होईल. तोवर बाटल्या क्रमांक टाकून, वाळूत, खालच्या कप्प्यात. मोरीत ओतायची सूचना आतापर्यंत तीन जणांनी केली.